वाचक विचारतात : माचा कडू का लागतो?

जपानी माचाविषयी, म्हणजे सावलीत वाढवलेल्या चहाच्या पानांच्या हिरव्या पावडरीविषयी, आलेल्या पत्रांत एक तक्रार वारंवार दिसते. महागाचा डबा आणला आणि पहिल्याच घोटाला तोंड वाकडं झालं. म्हणून सुरुवात तिथूनच. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : दुकानात प्यायलेला माचा गोडसर लागला म्हणून त्याच कंपनीचा डबा घेतला. घरी मात्र तो कडूजहर होतो, वर गुठळ्या तरंगतात. पावडर वेगळी दिली असेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : दुकानदारावर संशय घेण्याआधी पाण्यावर घ्या. आपल्याला चहा म्हटला की खळखळती उकळी लागते आणि माचाला नेमकं तेच सोसत नाही. उकळत्या पाण्यात कडू-तुरट घटक भराभर उतरतात, पानाचा गोडवा त्याखाली झाकला जातो, वासही उडतो. पाणी ७५ ते ८० अंश सेल्सिअस हवं. थर्मामीटर नसेल तर उकळलेलं पाणी एका रिकाम्या कपात ओता, तिथून दुसऱ्यात. दर ओतण्याला ते साधारण दहा अंशांनी उतरतं. दोनदा ओतलं की काम झालं.

दुसरी चूक मापाची. नेहमीच्या पातळ माचाला, म्हणजे उसुचाला, २ ग्रॅम पावडर आणि ६० ते ७० मिलिलिटर पाणी लागतं. २ ग्रॅम म्हणजे एक लहान चमचा, पण सपाट. चमच्यावर शीग आली की पावडर सहज दीडपट होते. चाशाकू हा बांबूचा लांब जपानी चमचा वापरत असाल तर दोन भरून घ्या.

गुठळ्यांचं कारण वेगळं आहे. पावडर इतकी बारीक असते की डब्यातच कण एकमेकांना चिकटून गोळे होतात. हे गोळे घुसळून फुटत नाहीत. बाहेरून ओले, आत कोरडे राहतात आणि जिभेवर फुटले की कडू लागतात. त्यामुळे पावडर चाळायचा कंटाळा करू नका. चहाची बारीक स्टीलची गाळणी चालते, मात्र ती पूर्ण कोरडी हवी.

आता क्रम. वाडगा गरम पाण्याने विसळा आणि पुसून कोरडा करा, कारण ओल राहिली तर पावडर तळाला धरते. त्यात २ ग्रॅम पावडर चाळून घ्या. दोन लहान चमचे कोमट पाणी घालून आधी गुळगुळीत लेप करा. जपानी चहाविधीत ही पायरी नसते, पण घरी तिचा हमखास उपयोग होतो. मग उरलेलं पाणी ओता आणि बांबूची रवी, म्हणजे चासेन, मनगटातून वेगाने पुढे-मागे चालवा, इंग्रजी ‘डब्ल्यू’ गिरवल्यासारखी. गोल फिरवली तर पाणी नुसतं भोवऱ्यात फिरतं, हवा मिसळत नाही. टोकं तळाला घासू देऊ नका. पंधरा-वीस सेकंदांत फेस येतो. शेवटी रवी पृष्ठभागापर्यंत वर आणा, मोठे बुडबुडे फोडा आणि मधोमध उचला. लगेच प्या. माचा पाण्यात विरघळत नाही, तरंगतो. ठेवून दिला तर तळाशी गाळ बसतो आणि शेवटचा घोट चिखलासारखा जाड येतो.

फेसाचा फार बाऊ करू नका. जपानी चहाविधीच्या उरासेन्के परंपरेत वाडगाभर फेस आणतात, ओमोतेसेन्केत पृष्ठभागाचा काही भाग मुद्दाम मोकळा ठेवतात.

एवढं करूनही रंग मळकट आणि चव बोथट वाटली तर पाण्यातले क्षार बघा. जपानचं पाणी बहुतेक ठिकाणी मऊ आहे. सोसायटीत बोअरचं पाणी येत असेल तर माचासाठी फिल्टरचंच घ्या.

प्रश्न : डब्यावर ‘सेरेमोनियल ग्रेड’ लिहिलेलं असतं. हा जपान सरकारने ठरवलेला दर्जा आहे का? चांगला माचा ओळखायचा कसा? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही. असा दर्जा ठरवणारा जपानी कायदा नाही. ही निर्यातीच्या बाजारातली भाषा आहे आणि कुणीही ती डब्यावर छापू शकतो. जपानमधली जुनी चहापेढी आपल्या प्रत्येक मिश्रणाला नाव देते आणि ते पातळ चहासाठी आहे की दाट चहासाठी, ते सांगते. दाट चहाला, म्हणजे कोइचाला, चालणारा माचा वरचा समजावा. कोइचात माणशी ४ ग्रॅमच्या आसपास पावडर जेमतेम ३०-४० मिलिलिटर पाण्यात मळतात. फेस नाही, लपायला जागा नाही. पानातला प्रत्येक दोष उघडा पडतो.

माचाची प्रत मळ्यात ठरते, त्यामुळे तिथे काय होतं ते थोडं विस्ताराने सांगायला हवं. वसंतात नवे कोंब फुटले की तोडणीआधी वीसेक दिवस झुडपांवर छत घालतात. क्योतोजवळच्या उजीत पूर्वीपासून बोरूच्या चटया आणि त्यावर भाताचा पेंढा पसरायची पद्धत आहे. आता बहुतेक ठिकाणी काळी जाळी असते. शेवटच्या दिवसांत नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकाश अडतो. चहाच्या मुळांत थिआनिन नावाचं अमिनो आम्ल तयार होतं आणि पानांत चढतं. ऊन मिळालं की पानात त्याचं कॅटेचिन, म्हणजे तुरटपणा, होत जातो. सावलीत ही क्रिया मंदावते. थिआनिन शिल्लक राहतं आणि जिभेवर रेंगाळणारी ती भरीव, गोडसर चव त्याच्यामुळे येते. उन्हाची तूट भरून काढायला पान हरितद्रव्य वाढवतं, म्हणून रंग गडद होतो.

तोडलेली पानं लगेच वाफवतात, त्यामुळे ती काळी पडत नाहीत. सेंचा या नेहमीच्या जपानी हिरव्या चहासारखी ती वळत नाहीत. तशीच पसरून भट्टीत वाळवतात आणि देठ-शिरा काढून टाकतात. उरलेल्या कोरड्या पापुद्र्यांना तेंचा म्हणतात. तेंचा दळला की माचा. दगडी जातं अगदी सावकाश फिरवतात, कारण वेग वाढला की पीठ तापतं आणि वास जातो. एका जात्यातून तासाला साधारण ४० ग्रॅम पावडर पडते. म्हणजे ३० ग्रॅमच्या डब्यामागे पाऊण तासाचं दळण आहे. जपानातही सगळा माचा जात्यावर निघत नाही. स्वस्त मालासाठी यांत्रिक चक्क्या असतात आणि आइस्क्रीम-बिस्किटांना तो पुरतो.

डब्यावर चार गोष्टी शोधा. प्रदेश : उजी (क्योतो), निशिओ (आइची), यामे (फुकुओका), कागोशिमा. तोडणी पहिली, म्हणजे एप्रिल-मेची आहे का? वाण : असाही, सामिदोरी, ओकुमिदोरी, गोको अशी नावं दिसली तर विक्रेत्याला आपला माल माहीत आहे. आणि दळल्याची किंवा मुदत संपण्याची तारीख. नुसतं ‘जपानी हिरव्या चहाची पावडर’ लिहिलं असेल तर बहुधा उन्हात वाढलेला, साधा दळलेला चहा असतो. तो पिण्यात वाईट काही नाही, पण माचाच्या भावात घेऊ नका.

डबा उघडल्यावर रंग बघा. ताजा माचा उजळ, जिवंत हिरवा असतो. जुनी मेंदीची पावडर दिसते तसा पिवळट-तपकिरी असेल तर दुय्यम पान आहे किंवा शिळा माल. चिमूटभर पांढऱ्या कागदावर ठेवून बोटाने ओढा. बारीक दळलेली पावडर लांब, सलग पट्टा ओढते, जाडी तुटक राहते आणि बोटाला रवाळ लागते.

प्रश्न : ताजा म्हणजे मे महिन्यातलाच घ्यावा का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सेंचाच्या बाबतीत हो. माचाचं तसं नाही. मे महिन्यात तयार झालेला तेंचा परंपरेने मडक्यात बंद करून ठेवतात आणि नोव्हेंबरात ते उघडायचा सोहळा असतो. तोवर कच्चा हिरवट वास निवतो आणि चव मुरते. पान मुरलेलं चालतं, दळण मात्र ताजं हवं.

प्रश्न : चासेन महाग आहे. ताक घुसळायची रवी किंवा कॉफीचं बॅटरीवरचं यंत्र चालेल का? चासेन घेतलीच तर पावसाळ्यात बुरशी येते, त्याचं काय? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : ताकाची रवी नको. तिच्या जाड पाकळ्यांना एवढ्याशा पाण्यात पुरेशी पावडर मोडता येत नाही. बॅटरीवरचं यंत्र चालतं. फेस जरा खरखरीत येतो, गुठळ्या मात्र राहत नाहीत. घट्ट झाकणाच्या बाटलीत थंड पाण्याबरोबर हलवणं हा तिसरा मार्ग. चाळलेली २ ग्रॅम पावडर, १५० मिलिलिटर गार पाणी, अर्धा मिनिट जोरात. उन्हाळ्यात आम्हाला हाच प्रकार जास्त आवडतो, कारण गार पाण्यात कडूपणा कमी उतरतो.

चासेन एकाच बांबूच्या तुकड्याला चिरून करतात. नारा प्रांतातल्या इकोमा शहराचा ताकायामा भाग त्यासाठी प्रसिद्ध आहे. नवशिक्याने ऐंशी ते शंभर काड्यांची घ्यावी, फेस लवकर येतो. वापरण्याआधी टोकं मिनिटभर गरम पाण्यात बुडवा, नाहीतर कोरड्या काड्या तुटतात. नंतर नुसत्या पाण्यात धुवा. साबण बांबूत मुरतो. बुरशीचं मूळ कारण ती ओली असतानाच प्लॅस्टिकच्या मूळ डबीत परत ठेवणं. ती डबी टाकून द्या. कोकणातल्या पावसात रवी पंख्याखाली उघडी वाळवा. काळे ठिपके एकदा आत गेले की निघत नाहीत, नवी घ्या.

प्रश्न : दूध-साखर घातली तर माचाचा अपमान होतो का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : माचाचा होत नाही, पाकिटाचा होतो. दुधातली प्रथिनं तुरट घटकांना धरून ठेवतात आणि नाजूक चव साईखाली जाते. तेव्हा दुधासाठी मधल्या भावाची पावडर घ्या, प्रमाण वाढवा. ३ ते ४ ग्रॅम पावडर, ४० मिलिलिटर गरम पाणी, नीट घुसळून मग १५० मिलिलिटर दूध. साखर हवी तर लेप करतानाच घाला. पावडर दुधात टाकून उकळू मात्र नका. हिरवा रंग खाकी होतो आणि शिजलेल्या पाल्याचा वास येतो.

जपानात गोडवा कपाबाहेर असतो. आधी गोड वडी खायची, ती संपवायची, मग माचा. आपल्याकडे साधा पेढा किंवा नारळाची वडी ते काम चोख करते. वेलची-केशराचं काही नको, त्यांच्यापुढे माचाचा वास टिकत नाही.

प्रश्न : डबा फ्रीजमध्ये ठेवावा का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : न उघडलेला जरूर ठेवा. बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत काही तास उघडू नका, नाहीतर हवेतली वाफ पावडरीवर जमते. दमट हवेत ही एकच चूक सगळा डबा घालवते. उघडलेला डबा घट्ट बंद करून अंधाऱ्या, गार जागी ठेवा आणि महिन्याभरात संपवा. मसाल्याच्या कपाटात नको, माचा वास पटकन ओढतो. म्हणून २० किंवा ३० ग्रॅमचाच डबा घ्या. शंभर ग्रॅमचं पाकीट स्वस्त वाटतं, पण शेवटचा अर्धा भाग बिस्किटांत जातो.

प्रश्न : माचाने वजन उतरतं का? रोज किती प्यावा? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : वजनासाठी पिऊ नका. यात पान आख्खं पोटात जातं, हे लक्षात ठेवा. २ ग्रॅम माचात साधारण ६४ मिलिग्रॅम कॅफिन असतं, लहान कप कॉफीइतकं. दिवसाला एक-दोन वाडगे, तेही संध्याकाळच्या आत. रक्तात लोह कमी असेल तर जेवणाच्या आगेमागे तासभर टाळा, कारण चहातले घटक भाजी-धान्यातलं लोह अडवतात. माचात व्हिटॅमिन ‘के’ भरपूर असतं, त्यामुळे वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

प्रश्न : जपानला जाणार आहोत. माचासाठी कुठे जावं? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : उजीला. क्योतो स्टेशनवरून जेआर नारा मार्गाने अर्ध्या तासाच्या आत पोहोचता. ब्योदो-इन मंदिराजवळ ताइहो-आन हे नगरपालिकेचं चहाघर आहे. तिथे समोर बनवलेला उसुचा गोड वडीबरोबर मिळतो. घरच्या माचाशी चव ताडून बघायची तर याहून सोपी जागा नाही. खरेदीत मात्र अपेक्षा आवरा. २०२४ च्या शरदात मागणी इतकी वाढली की क्योतो-उजीच्या नावाजलेल्या पेढ्यांनी माणशी डब्यांवर मर्यादा घातली. चहाचं नवं झुडूप तोडणीला यायला चार-पाच वर्षं लागतात, तेव्हा टंचाई लगेच हटणारी नाही. सकाळी दुकान उघडताच जा, दाट आणि पातळ चहाचा एकेक छोटा डबा घ्या आणि सामानात ठेवण्याआधी मुदतीची तारीख वाचा.