8 ची गाठ 16 ची झाली, म्हणजे कॅन्सर वाढला का?

डिचोलीच्या एका जोडप्याने सोनोग्राफीचे दोन रिपोर्ट टेबलावर ठेवले. पहिला उपचारापूर्वीचा: थायरॉइडच्या उजव्या भागात 8 मिलिमीटरची गाठ, सुईच्या तपासणीत पॅपिलरी कॅन्सर. ऑपरेशनऐवजी बाईंनी रेडिओफ्रिक्वेन्सी अब्लेशन करून घेतलं होतं, म्हणजे सुईच्या टोकाच्या उष्णतेने गाठ जाळणं. महिन्यानंतरच्या रिपोर्टात 16 मिलिमीटर.

"मॅडम, जाळायला गेलो आणि दुप्पट झाली," यजमान म्हणाले. बाई गप्पच.

"ताई, हे माप गाठीचं नाही, जाळलेल्या भागाचं आहे."

कडेला पेशी राहू नयेत म्हणून गाठीभोवतीची चांगली थायरॉइडही काही मिलिमीटर जाळतात. दोन्ही बाजूंना 4-4 धरले की 8 चे 16 होतात. अब्लेशन झाल्याचं सोनोग्राफी करणाऱ्याला ठाऊक नसेल, तर तो त्यालाच गाठ म्हणून लिहून मोकळा होतो. म्हणून उपचाराचा कागद आणि जुने फोटो दरवेळी सोबत न्यायचेच. मेलेला भाग शरीर हळूहळू शोषून घेतं. तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्याच्या तपासणीत तो लहान होत जायला हवा; कित्येकदा शेवटी नुसता व्रण उरतो.

मापापेक्षा महत्त्वाचं असतं ते डॉपलर, म्हणजे सोनोग्राफीतच रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी. यांच्या रिपोर्टात जाळलेल्या भागात रक्तप्रवाह नव्हता, मानेतल्या लसीकाग्रंथीही ठीक होत्या. कडेला नवा काळसर भाग, त्यात रक्तप्रवाह किंवा मानेत संशयास्पद ग्रंथी दिसली, तर मात्र पुन्हा सुईची तपासणी लागते.

एक उणीव आम्ही लपवत नाही. ऑपरेशनमध्ये गाठ पूर्ण तपासायला जाते, इथे जात नाही. त्यामुळे हा उपचार साधारण 1 सेंटिमीटरपर्यंतच्या, ग्रंथीबाहेर न गेलेल्या, लसीकाग्रंथीत न पसरलेल्या गाठीलाच शोभतो, आणि नंतरची देखरेख वर्षानुवर्षं चालते. थायरोग्लोब्युलिन हे प्रथिन चांगली थायरॉइडही बनवते; ती शाबूत असल्याने त्याच्या रक्ततपासणीवर विसंबता येत नाही, मदार सोनोग्राफीवरच.

मग बाई बोलल्या: "भजनात वरचा सूर लागेल ना?" स्वरयंत्राची नस थायरॉइडच्या अगदी मागून जाते. तिला चटका बसू नये म्हणून मध्ये 5 टक्के डेक्स्ट्रोजचं पाणी सोडून अंतर करतात, आणि रुग्ण जागा असल्याने मधूनमधून बोलायला लावतात. उपचारानंतर यांचा आवाज बसलाच नव्हता, तेव्हा गायला हरकत नाही. आवाज घोगरा झालेल्यांनी मात्र आपोआप बरं होण्याची वाट न बघता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वररज्जू दुर्बिणीने तपासून घ्यावेत.