पांढऱ्या तुऱ्याचं रानफूल: चित्रक की मुसळी?

प्रश्न: जानेवारीत जांबोटीच्या रानात कमरेएवढं झुडूप दिसलं, आजूबाजूचं गवत वाळलेलं आणि हे मात्र हिरवंगार, शेंड्याला पांढऱ्या फुलांचे तुरे. फोटो ब्लर आलाय. घरी आल्यावर पँटला चिकट कळ्या चिकटलेल्या होत्या. (खानापूर)

फोटोत काय कळेना खरं त्या पँटनंच निम्मं उत्तर दिलंय बघा. चित्रक असणार, कन्नडात चित्रमूल. पुढच्या वेळी एक फूल जवळून बघा, पातळ पाच पाकळ्या, खाली बारीक लांब नळी, आणि नळीच्या बुडाशी जो हिरवा पेला असतो त्याच्यावर केसांसारख्या उभ्या ग्रंथी, बोट लावलं की गोंदासारखं चिकटतं. फूल गळलं तरी पेला चिकटच राहतो, त्यात बी असतं आणि ते गुरांच्या अंगाला, आपल्या कपड्यांना लागून फुकटात प्रवास करतं.

प्रश्न: ही सफेद मुसळीच ना? आमच्यात तसंच म्हणतात. (बेळगाव)

नाही ओ. मुसळीची पानं गवतासारखी थेट जमिनीतनं येतात, फुलाला सहा पाकळ्या, मध्ये पिवळे परागकोश, आणि पाऊस सरला की वरचं सगळं वाळून जातं. जानेवारीत हिरवी कुठली मिळायला?

प्रश्न: चित्रकाचं मूळ उगाळून गुडघ्याला लावलं तर चालेल का? (निपाणी)

अजिबात नको! ह्याच्या मुळामध्ये प्लंबॅजिन नावाचं जहाल द्रव्य असतं, कातडीवर फोड येतात, भाजल्यासारखे. संस्कृतात अग्नीची सगळी नावं ह्याला दिलीत ती उगीच नाही. वैद्यसुद्धा चुन्याच्या निवळीत शुद्ध करूनच वापरतात, आणि गरोदर बाईला तर मूळ अजिबात देऊ नये, गर्भपात होऊ शकतो. शिवाय जांबोटीजवळचं भीमगडचं रान २०११ पासून अभयारण्य आहे, तिथनं उपटून आणायचा विचारपण करू नका.

प्रश्न: नर्सरीतलं निळ्या फुलाचं तेच का? (बेळगाव)

भाऊबंद आहे, मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं. पेला त्याचाही चिकटच असतो, बघा हात लावून.

प्रश्न: मे महिन्यात आंब्याच्या फांदीवरनं पांढरी-जांभळी वेणी लटकते, ती कशाची? (कणकुंबी)

सीतेची वेणी, ऑर्किड आहे. पानं बारमाही हिरवी राहतात. झाडाचा रस पित नाही ती, नुसती बसलेली असते, तेव्हा बांडगूळ समजून कोयता घालू नका की.