फायबरच्या गाडीची हेडलाइट-झाकणं, आणि गॅरेजने अडवून ठेवलेली गाडी

प्रश्न : माझ्याकडे फायबरग्लास बॉडीची दोन आसनी स्पोर्ट्‌स कार आहे. हेडलाइटचा बल्ब बदलायचा तर पुढचं चाक काढून आतलं छोटं झाकण उघडावं लागायचं. त्याचे स्क्रू फायबरमध्ये नुसतेच फिरायचे आणि पावसाचं पाणी आत जायचं. म्हणून फायबरचं काम करणाऱ्या एका गॅरेजला मोठी, हाताने उघडता येणारी झाकणं करायला दिली. आता कापलेल्या चौकोनांच्या कोपऱ्यांतून तडे गेलेत, झाकणं खडखडतात, उजवा दिवा मंद लागतो आणि उजेड भलतीकडेच पडतो. गॅरेजमालक म्हणतात, “तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या चित्राप्रमाणेच केलंय.” उरलेले पैसे आणि माझ्या भावाच्या गाडीचं जुनं बिल दिल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. वर सांगतात की असा बदलच बेकायदा आहे, तक्रार केली तर मीच अडकेन. दुसरा मेकॅनिक म्हणतो, गाडी आणा, दोन दिवसांत सगळं नीट करून देतो. काय करू?

उत्तर : आधी त्या दुसऱ्या मेकॅनिकबद्दल. गाडी त्याच्याकडे जरूर द्या, पण इतक्यात नाही. तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे ती बिघडलेली झाकणंच. तडे बुजवून वर रंग चढला की काम वाईट झालं होतं हे दाखवायला तुमच्या तोंडी सांगण्यापलीकडे काही उरणार नाही. वैतागून आधी दुरुस्ती उरकायची आणि मग वकील गाठायचा, असं अनेक जण करतात. तुम्ही वेळेवर विचारलंत.

आता ‘बेकायदा’ची धमकी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात हे कलम काटेकोर लावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. त्यात बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. गॅरेजमालक याच कलमाची भीती घालत असणार. पण कलम ५२ मध्येच ‘बदल’ म्हणजे काय ते सांगितलंय : गाडीच्या रचनेतला असा फेरफार, ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्यच पालटतं. बल्बपर्यंत हात पोचावा म्हणून केलेलं झाकण माझ्या मते त्यात बसत नाही. नोंदणी प्रमाणपत्रात त्याचा उल्लेखही नसतो.

एक गोष्ट मात्र तपासून घ्या. १९५३ च्या पहिल्या कॉर्वेटसारखी तुमची गाडी पोलादी चौकटीवर फायबरची बॉडी बसवलेली असेल, तर सगळा भार चौकट उचलते आणि चाकाच्या कमानीतलं भोक हा किरकोळ विषय ठरतो. पण १९५७ च्या लोटस एलीटसारखी बॉडी हीच चौकट असेल, तर कुठे आणि किती कापलं हा रचनेचा प्रश्न होतो. तेव्हा ऑटोमोबाइल अभियंत्याचं लेखी मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

गाडी अडवण्याबद्दल. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम १७० गॅरेजला हा हक्क देतं, हे मान्य करायला हवं. ज्याने वस्तूवर कौशल्याचं काम केलं त्याला, करारात वेगळं ठरलं नसेल तर, मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. पण काम ठरलेल्या हेतूप्रमाणे झालेलं असावं लागतं, आणि हक्क तेवढ्याच कामाच्या पैशांपुरता असतो. जुन्या, वेगळ्या थकबाकीसाठी वस्तू अडवायचा सर्वसाधारण हक्क कलम १७१ ने बँकांसारख्या मोजक्यांना दिलाय. त्यांत गॅरेज नाही. तेव्हा भावाच्या बिलासाठी तुमची गाडी अडवता येणार नाही, हे लेखी कळवा.

या कामाचे उरलेले पैसे मात्र भरून टाका, असं मी सांगेन. दोषपूर्ण कामावर कलम १७० लागू होतं का, हा वाद जिंकता येईल, पण तोवर गाडी तिथे धूळ खात पडेल. पैसे बँकेतून पाठवा आणि त्याच दिवशी ईमेल व स्पीड पोस्टाने कळवा : ‘काम सदोष आहे, गाडी सोडवण्यापुरती रक्कम हरकत नोंदवून आणि सर्व हक्क राखून देत आहे.’ ताबा घेताना ज्या कागदावर सही मागतील त्यावर ‘काम समाधानकारक’ असं छापलेलं असू शकतं. ते खोडा, दोष तिथेच हाताने लिहा, मगच सही करा. लिहू देत नसतील तर त्या कागदाचा फोटो घ्या.

‘तुमच्या चित्राप्रमाणे केलं’ हा त्यांचा सगळ्यात जोरकस मुद्दा आहे, म्हणून तुमचं चित्र आणि त्यापुढची चॅट पुन्हा वाचा. भोक केवढं हवं हे गिऱ्हाईक सांगतं. फायबरग्लासमध्ये काटकोनी कोपऱ्यात ताण एकवटतो आणि तिथूनच तडा सुरू होतो, म्हणून कोपरा गोल कापायचा, हे कारागिराने जाणायचं असतं. कापलेली कड रेझिनने बंद करणं, स्क्रू नुसत्या फायबरमध्ये न घुसवता मागे धातूची पट्टी किंवा इन्सर्ट देणं, हेही त्याचंच काम. पण ‘कोपरे गोल ठेवूया’ असं त्यांनी लिहिलं असेल आणि ‘नको, चौकोनीच हवेत’ असं तुम्ही उत्तर दिलं असेल, तर तड्यांच्या बाबतीत तुमची बाजू लंगडी पडते. ती चॅट पुसू नका, मग ती तुमच्या विरोधात जात असली तरी. मूळ फोन जपून ठेवा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे डिजिटल पुराव्यासोबत द्यायचं प्रमाणपत्र जोडायला तो लागेल.

मंद दिव्याकडे विशेष लक्ष द्या. पत्र्याच्या गाडीत विजेचा परतीचा प्रवाह बॉडीतून जातो. फायबरमधून वीज जात नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला परतीच्या प्रवाहासाठी अर्थिंगची वेगळी वायर असते. झाकण कापताना ती ढिली झाली असेल तर बल्ब नवा घातला तरी मंदच लागेल. अभियंत्याला ती जोडणी मीटर लावून तपासायला सांगा आणि आकडा अहवालात लिहून घ्या. सोबत फोटो हवेत : प्रत्येक तड्याशेजारी मोजपट्टी धरून, आणि उघड्या कडेचे, जिथे काचेचे पांढरे तंतू दिसत असतील. कापून काढलेले तुकडे गॅरेजकडे मागा. मिळाले तर पाकिटात घालून, अभियंत्याच्या सहीने बंद करून ठेवा. प्रकरण ग्राहक आयोगात गेलं आणि आयोगाला वाटलं तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ खाली नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो.

दिव्याची दिशा सुधारेपर्यंत रात्री गाडी काढू नका. पुढच्या दिव्यांत १५५ मीटरवरचं स्पष्ट दिसावं आणि समोरच्याचे डोळे दिपू नयेत, अशी केंद्रीय मोटार वाहन नियमांची अपेक्षा आहे. दोष माहीत असताना गाडी चालवली आणि अपघात झाला तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९० तुमच्यावर लागेल, गॅरेजवर नाही. विमा कंपनीलाही झाकणांचा बदल फोटोंसह लेखी कळवून पोच घ्या, म्हणजे पुढे ‘माहिती लपवली’ म्हणायला जागा राहणार नाही.

एवढं झालं की १५ दिवसांची मुदत देऊन नोटीस पाठवा आणि मग दुरुस्ती करून घ्या. दाद मिळाली नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली ‘सेवेतील त्रुटी’ म्हणून जिल्हा आयोगात जा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची आहे. इथे गाडीची किंमत नव्हे, या कामासाठी दिलेला मोबदला धरतात. तो पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. गाडी भाड्याने देत असाल तर मात्र आधी मला कळवा, कारण समोरची बाजू ‘व्यावसायिक वापर’ हा मुद्दा काढेल.

मागणी मोजकी ठेवा : झाकणांच्या कामाचे पैसे परत, तडे व वायरिंग दुरुस्तीचा खर्च दुसऱ्या गॅरेजच्या अंदाजपत्रकासह, अभियंत्याची फी, आणि मनस्तापाची वाजवी भरपाई. अख्ख्या गाडीच्या नव्या रंगाचा खर्च त्यात घालू नका. अहवालात त्याला आधार मिळणार नाही आणि बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचा विश्वासही जाईल.