कोण बोलतंय, कोणासमोर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं टिपण दोनदा वाचलं. प्राचीन चिनी ग्रंथांनी राज्यकारभाराच्या कल्पना कशा घडवल्या, हा विषय एम. ए.च्या शोधनिबंधासाठी तू घेते आहेस याचा मला मनापासून आनंद आहे. आपल्याकडे या वाटेला फार कोणी जात नाही. पण कन्फ्यूशियस म्हणजे आज्ञाधारकपणा, हान फेई म्हणजे चीनचा चाणक्य, लाओझी म्हणजे वैराग्य, असे तीन कप्पे तू पाडले आहेस. ते आधी मोड. या ग्रंथांतली कितीतरी मोलाची वाक्यं कोणीतरी कोणाच्या तरी तोंडावर बोललं म्हणून टिकली. ऐकणारा बहुधा राजा, आणि बोलणाऱ्याच्या हाती शब्दांपलीकडे काही नाही. उतारा उघडलास की पहिल्यांदा हेच विचार: कोण बोलतंय, कोणासमोर?

कन्फ्यूशियसच्याच परंपरेतल्या मेन्शियसपासून सुरुवात कर. काळ इ. स. पू. चौथ्या शतकाचा, सात मोठी राज्यं एकमेकांच्या उरावर बसलेली. छी राज्याचा राजा श्वान त्याला विचारतो, जुन्या काळी वू राजाने शांग घराण्याच्या शेवटच्या राजावर चाल केली, हे खरं का? नोंदींत तसं आहे, असं मेन्शियस सांगतो. मग राजा खरा प्रश्न काढतो: म्हणजे प्रजाजनाने आपल्याच राजाचा जीव घेतलेला चालतो? उत्तर असं की, जो माणुसकी आणि न्याय पायदळी तुडवतो तो नुसता एक इसम. त्या इसमाला मारल्याचं मी ऐकलं आहे, राजाला मारल्याचं काही ऐकलं नाही. गादीवर बसलेल्या राजाला हे समोरासमोर सांगितलेलं आहे. हा उतारा वाचल्यावर 'आज्ञाधारकपणा' हा शब्द तुझ्या टिपणात कसा राहील ते मला कळव.

ही कल्पना मेन्शियसने हवेतून आणलेली नाही. इ. स. पू. अकराव्या शतकात झोऊ घराण्याने शांगांना उलथवलं आणि आपल्या विजयाचं समर्थन करताना सांगितलं, की राज्य करण्याचा आदेश स्वर्ग देतो आणि राजा नालायक ठरला तर तो काढूनही घेतो. 'शुजिंग' या दस्तऐवजांच्या ग्रंथात ही मांडणी सापडते. जेत्याने स्वतःच्या सोयीसाठी केलेला हा युक्तिवाद पुढे प्रत्येक घराण्याच्या गळ्याशी आला. पूर आला, दुष्काळ पडला, बंड झालं की लोक विचारू लागले: आदेश अजून यांच्याकडेच आहे का?

सत्ताधाऱ्यांना या वाक्यांची धार नीट कळत होती. मिंग घराण्याचा संस्थापक होंगवू गरीब शेतकऱ्याच्या घरातला, पोरका, काही काळ बौद्ध मठात राहिलेला. तोच सम्राट झाल्यावर मेन्शियस वाचून संतापला. 1394 साली त्याच्या हुकमावरून ग्रंथाची काटछाट केलेली आवृत्ती निघाली. 85 उतारे गाळले गेले आणि सरकारी अधिकारी निवडण्याच्या परीक्षेत त्यांवर प्रश्न काढायला बंदी आली. प्रजा सगळ्यात मोलाची आणि राजा सगळ्यात हलका, हे प्रसिद्ध वचनही गेलं. पुढे मूळ ग्रंथ परत आला. तुझ्या शोधनिबंधात या गाळलेल्या उताऱ्यांवर एक आख्खं प्रकरण हवं, असं माझं ठाम मत आहे. एखाद्या ग्रंथाने राज्यकारभारावर काय परिणाम केला, हे सत्तेने त्यातलं काय कापलं यावरून जितकं कळतं तितकं स्तुतीवरून कळत नाही.

हान फेई हा कडक कायदा आणि दंड यांचा पुरस्कर्ता; त्याला वाचताना मात्र बाजू बदलते. तो राजाच्या कानाशी बसून मंत्र्यांबद्दल बोलतो. त्याची एक गोष्ट सांगतो. हान राज्याचा अधिपती झाओ दारू पिऊन झोपी गेला. त्याला थंडी वाजेल म्हणून मुकुट सांभाळणाऱ्या सेवकाने त्याच्या अंगावर वस्त्र घातलं. जागा झाल्यावर झाओला बरं वाटलं, त्याने चौकशी केली आणि दोघांनाही शिक्षा दिली: वस्त्रं सांभाळणाऱ्याला कामात कसूर केली म्हणून, मुकुटवाल्याला आपली हद्द ओलांडली म्हणून. मला ही गोष्ट आजही अस्वस्थ करते, कारण कुठल्याही कचेरीत 'हे माझ्या टेबलाचं काम नाही' असं ऐकलं की तिच्यातलं तर्कशास्त्र समोर उभं राहतं. स्वतः हान फेई इ. स. पू. 233 मध्ये छिन राज्याच्या तुरुंगात मेला. त्याच छिनने 221 मध्ये सगळी राज्यं जिंकली, 213 मध्ये ग्रंथ जाळण्याचा हुकूम काढला, आणि आणखी सात वर्षांच्या आत ते घराणं बुडालं.

त्यानंतरच्या हान घराण्याने (हान फेईच्या हान राज्याहून हे वेगळं) कन्फ्यूशियसला जवळ केलं, हे पाठ्यपुस्तकात वाचलंच असशील. तेवढ्यावर थांबू नकोस. युवराजाने कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या पंडितांना जास्त वाव द्यावा असं सुचवलं, तेव्हा हान घराण्याच्या सम्राट श्वानने त्याला झापलं: आपल्या घराण्याची रीत दोन्ही मार्ग मिसळण्याची आहे. बोलायला कन्फ्यूशियस आणि कारभार चालवायला कायदा-दंड, ही वीण पुढे दोन हजार वर्षं टिकली, असं मला वाटतं. परीक्षापद्धतीवर तू बरंच लिहिलं आहेस, ते पुरेसं आहे. एवढंच तपास, की बाराव्या शतकातल्या झू शी या पंडिताने भाष्य केलेले कन्फ्यूशियस परंपरेचे चार ग्रंथ 1313च्या फर्मानाने परीक्षेला लागले आणि 1905 साली परीक्षाच बंद झाल्या; मधल्या काळात त्या ग्रंथांचं वाचन किती साचेबंद झालं?

खरी मेजवानी मात्र इ. स. पू. 81 सालच्या मीठ आणि लोखंडाच्या वादात आहे. युद्धांचा खर्च भागवायला मीठ आणि लोखंड सरकारी मक्तेदारीत गेलं होतं. त्यावर दरबारात साठाहून अधिक पंडित एका बाजूला आणि सांग होंगयांग हा मुरलेला मंत्री दुसऱ्या बाजूला. पंडितांची तक्रार ऐक: सरकारी अवजारं बोजड आणि बोथट, शेतकरी लांबून विकत घ्यायला यावा तर अधिकारी जागेवर नाही, भाव परवडत नाही, म्हणून लोक हाताने तण उपटतात आणि अळणी जेवतात. मंत्री विचारतो, मग सीमेवरच्या सैन्याला पोसायचं कशातून? शिवाय तुमच्या अंगावर धड कपडे नाहीत, तुम्ही राज्य काय चालवणार, असंही सुनावतो. वादानंतर दारूची मक्तेदारी उठली. मीठ आणि लोखंड बहुतांशी सरकारकडेच राहिलं.

या वादात मी पंडितांच्या बाजूला झुकतो, पण सैन्याच्या खर्चाचा प्रश्न त्यांनी नीट सोडवला असं मला म्हणवत नाही. तू तो संवाद मुळापासून वाच. मग मंत्र्याची बाजू जमेल तितक्या प्रामाणिकपणे दोन पानांत लिही आणि दिवाळीच्या सुट्टीआधी मला पाठव. पुढची प्रकरणं आपण त्यानंतर ठरवू.

तुझे,
सर