लीझेलोटेच्या नावाने लढलेले युद्ध

प्रश्न : फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्या पूर्वजांत लीझेलोटे नावाची एक जर्मन राजकन्या होती आणि तिच्या वारशावरून मोठे युद्ध झाले, असे वाचनात आले. ही लीझेलोटे कोण आणि युद्धाला ती खरोखरच कारणीभूत होती का? (एक वाचक)

उत्तर : लीझेलोटे म्हणजे एलिझाबेथ शार्लोट. ऱ्हाइन नदीकाठच्या पॅलाटिनेट संस्थानाचा अधिपती कार्ल लुडविग याची ही मुलगी २७ मे १६५२ रोजी हायडेलबर्ग येथे जन्मली. मारी आंत्वानेत तिची पणती लागते, कारण लीझेलोटेची मुलगी लोरेनच्या ड्यूकला दिली होती, तिचा मुलगा फ्रान्झ पुढे सम्राट झाला आणि त्याची व मारिया थेरेसा हिची मुलगी म्हणजे मारी आंत्वानेत.

लीझेलोटेच्या आईवडिलांचे पटत नव्हते. वडिलांनी पहिली पत्नी हयात असतानाच लुईझ फॉन डेगेनफेल्ड हिच्याशी विवाह केला. त्या गदारोळात १६५९ मध्ये लहानग्या लीझेलोटेला हॅनोव्हरला आत्याकडे, सोफीकडे, पाठवण्यात आले. तिथली चार वर्षे तिला आयुष्यभर सुखाची वाटत राहिली आणि आत्याशी जडलेला जिव्हाळा शेवटपर्यंत टिकला.

१६७१ मध्ये तिचे लग्न फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या धाकट्या भावाशी, ओर्लेआंचा ड्यूक फिलिप याच्याशी झाले आणि त्यासाठी तिला प्रोटेस्टंट पंथ सोडून कॅथलिक व्हावे लागले. फ्रान्ससारख्या बलाढ्य शेजाऱ्याशी सोयरीक झाली की संस्थान सुरक्षित राहील, हा वडिलांचा हिशेब होता. तो पार उलटला.

१६८५ मध्ये तिचा भाऊ कार्ल निपुत्रिक वारला. संस्थान घराण्याच्या नॉइबुर्ग शाखेकडे गेले, तेव्हा लुईने भावजयीच्या नावाने वारसाहक्क सांगितला. वास्तविक विवाहाच्या वेळीच तिने प्रदेशावरील हक्क सोडले होते. १६८८ मध्ये सुरू झालेल्या युद्धाला इतरही कारणे होती, पण पॅलाटिनेटवर चालून जाताना हे निमित्त लुईला सोयीचे ठरले. १६८९ मध्ये फ्रेंच सैन्याने हायडेलबर्गची नासधूस केली आणि तिच्या वडिलांनी पुन्हा वसवलेले मानहाइम जमीनदोस्त केले. रात्री डोळा लागताच आपण हायडेलबर्ग किंवा मानहाइममध्ये आहोत असे वाटून दचकून जाग येते आणि आपलेच नाव पुढे करून हा विध्वंस झाला हे सहन होत नाही, अशा आशयाचे पत्र तिने आत्याला लिहिले. तेव्हा ‘कारणीभूत’ हा शब्द तिच्यावर अन्याय करणारा आहे. १६९७ च्या रिसविकच्या तहात फ्रान्सने हा प्रदेशावरचा दावा सोडून रकमेवर तडजोड मान्य केली.

थोरल्या दिराची शिकार आणि विनोद तिला आवडत असत, पण त्याच्या मर्जीपुढे ती प्रत्येक वेळी झुकली नाही. १६९२ मध्ये लुईने आपली अनौरस मुलगी तिच्या मुलाच्या गळ्यात बांधायचे ठरवले आणि मुलाने होकार दिला, तेव्हा भर दरबारात तिने मुलाच्या थोबाडीत मारली, असे समकालीन सँ-सिमाँ लिहितो. हाच मुलगा १७१५ ते १७२३ पर्यंत फ्रान्सचा राजप्रतिनिधी होता.

८ डिसेंबर १७२२ रोजी सँ-क्लू येथे तिचे निधन झाले. तिची हजारो पत्रे उपलब्ध आहेत. दरबारात टपाल उघडून वाचले जाते हे ठाऊक असूनही ती मोकळेपणी लिहीत असे. वाचक त्यांत बहुधा दरबारातल्या भानगडी शोधतात. मला मात्र सोफीला आणि वडिलांच्या दुसऱ्या विवाहातून झालेल्या सावत्र बहिणीला, लुईझला, लिहिलेली पत्रे अधिक मोलाची वाटतात, कारण त्यांत ती माहेरच्या माणसांची एकेक करून विचारपूस करते.