रोज तेवढाच डोस, तरी उंदीर जास्त का पळतो?

तुम्ही विचारलंय, रोज तेवढाच स्टिम्युलंट, म्हणजे कॅफिन-कोकेनसारखं तरतरी आणणारं औषध, दिला तर उंदराला सवय होऊन परिणाम कमी व्हायला हवा, मग तो उलट जास्त का पळतो. मला पण बी. फार्मला हेच कोडं पडलं होतं.

इंदूरच्या आमच्या कॉलेजात अ‍ॅक्टोफोटोमीटर होतं, म्हणजे झाकणवाला डबा, आत प्रकाशाचे किरण, उंदराने किरण कापला की आकडा एकने वाढणार. कॅफिन दिलेला उंदीर सोडला की वहीत आकडा लिहीपर्यंत पुढे गेलेला असायचा, आणि माझी पार्टनर "अगं बघ बघ" करत राहायची. पण आम्ही एकदाच इंजेक्शन द्यायचो, त्यामुळे तुम्ही विचारलेली गंमत दिसायची नाही. कोकेन तर आम्हाला कोण देणार, ते पेपर वाचूनच.

मधे गॅप ठेवून, समजा रोज एकदा असं ५ दिवस, वजनाच्या दर किलोला १५ मिलिग्रॅम कोकेन दिलं तर पळणं वाढत जातं, याला सेन्सिटायझेशन म्हणतात. आठवडे थांबून परत दिलं तरी टिकतं. तेच औषध पंपाने सतत सोडलं तर मात्र तुम्ही म्हणता तशी सवय लागते, म्हणजे किती दिलं इतकंच कसं दिलं हेही बघावं लागतं.

मेंदूत काय होतं? डोपामाइन, म्हणजे हवंहवंसं वाटण्याशी जोडलेलं मेंदूतलं रसायन, सोडणाऱ्या पेशी मेंदूच्या बुडाशी असतात, तिथे २००१ साली दिसलं की कोकेनच्या एकाच इंजेक्शनने त्यांच्यावरचे ग्लुटामेटचे (पेशींना चेतवणारं रसायन) सिनॅप्स, म्हणजे पेशी-पेशींमधले जोड, मजबूत होतात, ५ दिवसांनी तसेच असतात, १० दिवसांनी नाहीत. मग आठवडे टिकणारी गोष्ट तिथे साठलेली नाही ना! ती पुढे न्यूक्लियस अक्युम्बेन्समधे, म्हणजे या पेशी जिथे डोपामाइन पोचवतात त्या भागात, शोधली, आणि ते भारी आहे: ५ दिवस कोकेन, मग १०-१४ दिवस काही नाही, की तिथले सिनॅप्स मजबूत झालेले, पण परत एक इंजेक्शन दिलं की दुसऱ्या दिवशी तेच कमजोर. वाढतच जातील असं मी धरून चालले होते, साफ चुकले.

आणि जागा. ज्या डब्यात कोकेन मिळालं तिथे नुसतं सलाइन (मिठाचं पाणी) टोचलं तरी उंदीर थोडा जास्त पळतो, नव्या डब्यात वाढलेलं पळणं बरंच कमी दिसू शकतं. मी रात्री इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे खाऊगल्लीत, पोट भरलेलं असताना गराडूच्या (तळलेला कंद) गाडीपाशी उभी राहते, तेव्हा मला तो डबा आठवतो.

फक्त पळणं म्हणजे व्यसन समजू नका हं, त्यासाठी उंदीर स्वतः दांडी (लिव्हर) दाबून औषध घेतो का ते बघतात, तो प्रयोग वेगळाच.