कारपेट पडायच्या आधी एकदा रात्री जाऊन बघ

पोरी,

बांधकाम खात्यातल्या इंजिनिअरच्या नोकरीची ऑर्डर आली, जत मिळालं आणि घरात सगळे तोंड पाडून बसलेत म्हणे. बसू देत. कऱ्हाड-साताऱ्याकडं पडली असतीस तर अर्धी नोकरी हायवेवाल्यांना पत्रं लिहिण्यात गेली असती. जतला तुला लांबच लांब माळ, काळ्या मातीत बसणारे रस्ते, मधनं गेलेला गुहागर-विजापूर हायवे, कर्नाटकातनं येणारी जड वाहनं असं सगळं एकदम बघायला मिळणार. प्रजिमा म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग आपल्या खात्याकडं, इजिमा आणि ग्रामा म्हणजे इतर जिल्हा मार्ग आणि गावरस्ते झेडपीकडं, ही वाटणी तुला पाठ असेल, पण गाडीवाल्याला ती माहीत नसते, त्याच्यासाठी सगळा एकच रस्ता, हे डोक्यात ठेव.

आता जे सांगायला बसलोय ते सांगतो. नुसतं कारपेट, म्हणजे वरचा डांबराचा थर, टाकून रस्ता गुळगुळीत केला ना की त्या रस्त्यावर माणसं मरायला लागतात. मिटिंगमध्ये असं बोलू नकोस, लोक अंगावर येतील, पण फील्डवर गेलीस की बघ. खड्डे असतात तोवर गाडी चाळीसच्या वर जात नाही, आणि चाळीसला ब्रेक मारून थांबायला आपली पुस्तकं ४५ मीटर लांबवरचं दिसायला पाहिजे म्हणतात, तेच ८० चा स्पीड झाला की १२० मीटर लागतात. स्पीड झाला दुप्पट, अंतर झालं अडीचपटीच्या वर. आणि रात्री डिपरवर, म्हणजे खाली मारलेल्या हेडलाईटवर, दिसतं किती, पन्नासेक मीटर. म्हणजे सरळसोट नवीन रस्त्यावर ८० नं जाणारा पोरगा पुढं काही दिसल्यावर थांबूच शकत नाही, त्याच्या हातात काही नसतं. डब्ल्यूएचओवाले तर सांगतात की सरासरी वेग एक टक्का वाढला की जिवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो.

याचा अर्थ रस्ते करू नयेत असा काढू नकोस हां. उमदीच्या बाईला अडलेल्या बाळंतपणात मिरजेला न्यायचं तर शंभराच्या वर किलोमीटर, १०८ आली तरी रस्ता नसेल तर ती काय उडत जाणार? मोटार वाहन कायद्यात गोल्डन अवर लिहिलाय तो एक तासाचा, आणि आपल्या पूर्व भागातल्या कितीतरी गावांतनं एका तासात मोठा दवाखाना गाठता येत नाही. रस्ता पाहिजेच. पण एस्टिमेट करतानाच त्यात फाटा, साईडपट्टी, मोरी, पट्टे, बोर्ड सगळं धर, नंतर बघू म्हटलं की ते नंतर कधीच येत नाही.

साईडपट्टीचं जरा नीट ऐक. कारपेटवर कारपेट चढत जातं, रस्ता वर येतो आणि कडेचा मुरूम आहे तिथंच राहतो किंवा पावसात वाहून जातो. मग कडेला टाचेएवढी पायरी तयार होते. समोरनं डंपर आला की मोटरसायकलवाला कडेला घेतो, चाक खाली उतरतं, परत वर घ्यायला जातो आणि आडवा. कागदावर काय येतं? ‘चालकाचा ताबा सुटला.’ देशात २०२२ ला १ लाख ६८ हजारांच्या वर माणसं रस्त्यावर गेली, त्यात निम्म्याच्या जवळपास दुचाकीवाले, पाचातला एक पायी चालणारा, आणि आपण रस्ता डिझाईन करतो तो मोटारीत बसून. म्हणून मुरूम भरून रोलिंग केल्याशिवाय बिल पुढं सरकवू नकोस, कंत्राटदार किती का गोड बोलेना.

ब्लॅकस्पॉटची, म्हणजे अपघाताच्या जागेची, व्याख्या तुला माहितीय, नॅशनल हायवेचा ५०० मीटरचा तुकडा, तीन वर्षांत गंभीर किंवा जिवघेणे पाच अपघात नाहीतर दहा मृत्यू. म्हणजे यादीत नाव यायला आधी माणसं जायला पाहिजेत! आणि तुझ्या जिल्हा रस्त्यांना ती व्याख्या लागूच नाही. आता पोलीस आयरॅड या सरकारी ॲपवर अपघाताची नोंद लोकेशनसकट करतात, ती माहिती मागून घे, पण तेवढ्यावर राहू नको. फाट्यावरच्या पंक्चरवाल्याला विचार, वडापच्या जीपवाल्याला विचार, ते सांगतील कुठं रोज थोडक्यात वाचतंय. काचेचे तुकडे, झाडाच्या बुंध्याला घासलेला रंग, वाकलेला मैलाचा दगड, हे सगळं वाचायला शिक. (झाड घासलेलं दिसलं की लगेच तोडायचा प्रस्ताव करू नकोस, दुष्काळी भागात वडाची सावली काय असते ते उन्हाळ्यात कळेल, त्याला रिफ्लेक्टर लाव.)

खंबाटकीचं उदाहरण तर आपल्या सातारकरांच्या घरातलं. पुण्याकडं जाताना बोगदा संपतो, पुढं उतार आणि त्याच उतारावर एस वळण. २०१८ च्या एप्रिलमध्ये तिथं मजुरांचा टेम्पो पलटी होऊन १८ जण गेले. बोर्ड लावले, पांढरे पट्टे मारले, पण वळण ते वळणच राहिलं, शेवटी उपाय काय काढावा लागला तर नवीन बोगदे आणि नवीन अलाइनमेंट. ड्रायव्हरची चूक असतेच, नाही म्हणत नाही मी, पण माणूस चुकणारच आहे हे धरूनच रस्ता काढायचा असतो. आणि मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत १९८ अ कलम आलंय, डिझाईन आणि देखभालीत स्टँडर्ड पाळलं नाही म्हणून जीव गेला तर जबाबदार यंत्रणेला, कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंड. रक्कम चिल्लर आहे पण साहेबांनी तुझ्या एस्टिमेटमधले बोर्ड-पट्टे कापले की हे कलम नम्रपणे दाखवायचं आणि कापल्याचं लेखी मागायचं. लेखी मागितलं की बरंच काही परत जागेवर येतं, अनुभव आहे.

स्पीडब्रेकरचा ताप तुला पहिल्याच महिन्यात होईल. अपघात झाला की गाव रास्ता रोको करतं आणि रातोरात उंबऱ्यासारखा एक ढिगारा टाकला जातो, त्यावर मागं बसलेली बाई पडते. भांडू नकोस, गाव बरोबर असतं, फक्त आकार चुकलेला असतो. ३.७ मीटर रुंद, मधे १० सेंटिमीटर उंच, पट्टे मारलेला आणि अलीकडं बोर्ड, असा करून दे. आणि शाळेसमोर आधीच दे, कुणी मागायची वाट बघू नको.

राहिला ऊस. तू जिल्ह्याच्या पश्चिमेकडं डेप्युटेशनवर गेलीस किंवा पुढं बदली झाली की हंगामात कळेल, एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, बाहेर आलेली वाढी म्हणजे उसाचे शेंडे, आणि पंक्चर झाली की रस्त्यातच उभी, दगड लावून. पंक्चर निघालं की ट्रॅक्टरवाला जातो, दगड तिथंच. रात्री डिपरवर ते पन्नास मीटरचं गणित इथं लाव. पोलीस आणि आरटीओ मोहीम काढतात, पण तुझ्या हातात एक गोष्ट आहे, फॅक्टरीच्या रस्त्यांवर ट्रॉली बाजूला घ्यायला पक्की जागा, दर दोन-तीन किलोमीटरला, साईडपट्टीच्या कामातच धरता येते. आणि दसऱ्याच्या आधी कारखान्याच्या शेतकी ऑफिसरला जाऊन भेट, वाहनांचे करार व्हायच्या वेळेलाच प्रत्येक ट्रॉलीला मागं लाल रिफ्लेक्टर टेप लावून घेता येते, एकदा तोडणी चालू झाली की कुणाला वेळ नसतो.

टॉर्च, टेप, चमकणारं जॅकेट आधी घे, लॅपटॉप नंतर. रात्रीच्या पाहणीला एकटी जाऊ नको, मैलकुली, म्हणजे रस्त्यावरचा आपल्या खात्याचा मजूर, सोबत घे. येत्या अमावास्येला जत तालुक्यातल्या शेगाव साईडचा फेरा करून फोन कर, काय काय दिसलं नाही ते सांग.

तुझा काका